बावीस किलो

२ फेब्रुवारी

वही डेपोतून आणली. पहिल्या पानावर 'गाडी क्रमांक' छापलंय, तिथे काही लिहिलं नाही. फिजिओ मॅडमनी बायकोच्या व्यायामाची नोंद ठेवायला सांगितलीय, पण ती वही वेगळी आणि ती त्या तपासतात. ही वही माझी आहे. यात कुणी लाल रेघ मारणार नाही.

आधी हकिगत लिहून ठेवतो. चौदा डिसेंबरला ही कारखान्याच्या जिन्यात पडली. पडदे शिवायचा कारखाना, तिसऱ्या मजल्यावर. आठ मशीनं, त्यातलं खिडकीजवळचं हिचं, एकोणीस वर्षं झाली. दोन्ही हातांत कापडाचा तागा होता, त्यामुळे पुढची पायरी दिसली नाही. उजव्या गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. डॉक्टरांनी ते तारेनं बांधले आणि सात आठवडे पाय सरळ ठेवून पट्ट्यांत जखडला. आज ते सगळं निघालं. मांडी माझ्या दंडाएवढी झालीय. ही पायाकडे बघत म्हणाली, "हा माझा नाही, बदलून आणा." मी हसलो.

मालकीणबाईंनी चार मेपर्यंत मशीन राखून ठेवायचा शब्द दिलाय. तिथे लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या आहेत. मी मॅडमना म्हटलं, आम्ही डेपोत बसचं इंजिन उतरवून चार दिवसांत परत चढवतो, त्या मानानं तीन महिने म्हणजे भरपूर वेळ झाला. त्या म्हणाल्या, "काका, इंजिनाला दुखत नाही."

मुलीच्या वयाच्या आहेत. मला काका म्हणतात, हिला काकू म्हणतात आणि दोघांनाही सारखंच रागावतात.

५ फेब्रुवारी

आज मॅडमनी टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, शिकवला. मला. तीस वर्षं टॉर्क पाना वापरणाऱ्या माणसाला. मी म्हटलं सांगा, सांगा.

पण गुडघ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. हिला पलंगाच्या कडेला बसवलं आणि पाय सरळ उचलायला सांगितला. चार बोटं उचलला आणि थरथरायला लागला. मॅडम म्हणाल्या, पाऊल गुडघ्यापासून चाळीस सेंटिमीटर लांब आहे आणि त्याला वर फिरवणारा मांडीचा दोर गुडघ्यापासून जेमतेम चार सेंटिमीटरवरून ओढतो. म्हणजे घोट्याला एक किलो टांगलं तर मांडीला दहा किलोंची ओढ लावावी लागते. शिवाय पायाचं स्वतःचं वजन वेगळं.

मी म्हटलं, म्हणजे पाना टोकाला धरायचा सोडून बोल्टला चिकटून धरलाय. कुणी बनवलंय हे? डेपोत असं कुणी केलं तर मी हात धरून बाजूला करतो.

मॅडम म्हणाल्या, "ताकद जास्त लागते खरी, पण स्नायू बोटभर आखडला की पाऊल हातभर झुलतं. नाहीतर चालायला दिवस गेला असता."

हे पटलं. वाटीचंही सांगितलं. वाटी म्हणजे कप्पी. ती दोराला गुडघ्याच्या मधोमधपासून जरा लांब उचलून धरते, म्हणून निदान चार सेंटिमीटर तरी मिळतात. हिची कप्पीच फुटली होती. आता सांधलीय, पण दोर सैल पडलाय.

ही सगळं ऐकून म्हणाली, "तुमचं दोघांचं जमलं असेल तर मी पाय खाली ठेवू का?"

१२ फेब्रुवारी

खुर्चीतून उठायचा धडा. आठवडाभर मी हिच्या पुढे उभा राहून काखेत हात घालून ओढत होतो. ते साफ चुकीचं निघालं. ताठ बसून उठायला गेलं की धडाचं वजन गुडघ्याच्या मागे लांब राहतं आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. आधी खुर्चीच्या टोकाशी सरकायचं, पावलं मागे घ्यायची, आणि नाक पंजांच्या पुढे जाईपर्यंत वाकायचं. वजन गुडघ्याच्या वर आलं की पाना आखूड झाला. मग गुडघ्याचं काम कमी होतं आणि कंबर आपला वाटा उचलते. ही तिसऱ्या खेपेला स्वतः उठली. उठून काय केलं तर खिडकीवरची धूळ दाखवली.

मी दुपारी एक चीज बनवली. भंगारातल्या बसचा सीटबेल्ट कापून आणला, कमरेला बांधायचा पट्टा केला, मागे दोन मुठी. चालताना मी मागून धरायचं. मुठी हिनंच हातानं शिवून दिल्या. "माझा लगाम मीच शिवतेय," म्हणाली. गंमतीनं. पट्टा फार छान झालाय. डेपोत दाखवला तर फोरमन म्हणाला, विकायला काढा.

डेपोत सध्या मला टेबलावर बसवलंय, सुटे भाग लिहायला. हवेवर चालणारी बंदूक आलीय, चाकाचे दहा नट दोन मिनिटांत सोडवते. माझ्या मनगटांचं तिथे काही काम उरलं नाही. मी सकाळची पाळी मागून घेतली, सहा ते दोन. दुपारपासून हिच्यापाशी.

२३ फेब्रुवारी

पडून दहा आठवडे झाले. मॅडमनी अर्ध्या किलोची वाळूची पिशवी दिली, नडगीच्या मध्यावर बांधायची. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा. पाय लटकत असताना वजन असून नसल्यासारखं. पाय आडवा व्हायला लागला की तेच वजन चढत जातं, आणि पूर्ण आडवा झाला की सगळ्यात जड. हिनं दहा केले. शेवटच्याला माझ्याकडे असं बघितलं की जणू वजन मीच शोधून काढलंय.

२४ फेब्रुवारी

पिशवी नडगीवरून सारखी घसरते. शेवटी घोट्याला बांधली, तिथे हाडाला अडून नीट बसते. वजन काही बदललं नाही, अर्धा किलो ते अर्धाच किलो.

२६ फेब्रुवारी

गुडघा सुजला. गरम लागतोय. मॅडमनी आल्या आल्या पिशवी बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, अंतर दुप्पट केलंत. गुडघ्याला एक किलो लावल्यासारखं झालं. हे तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

नाही. मला सांगायला नको होतं. नव्या पोरांना रोज ओरडून सांगायचो मी, पाना टोकाला धर म्हणजे दुप्पट ताकद मिळेल. आणि इथे नुसतं घसरतंय म्हणून पिशवी टोकाला नेली. आठवडाभर व्यायाम बंद, बर्फ चालू. तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

 बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून ही भिंतीकडे बघत होती. बोटांवर काहीतरी मोजत होती. चार मेपर्यंतचे आठवडे असावेत.

९ मार्च

जिना सुरू. मॅडम पहिल्या दिवशी सोबत होत्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात काठी, मागे मी. मॅडम म्हणाल्या, "पट्टा फक्त तोल गेला तर धरायला." बरोबर आहे. मी काळजीपोटी किंचित वर धरून ठेवतो, इतकंच.

सहा पायऱ्या झाल्या. ही म्हणाली, "मला एकदा पट्ट्याशिवाय सोडून बघा ना."

"आणि पडलीस म्हणजे?"

तिनं काठी पुढे टेकवली. माझंच बरोबर होतं. एकदा पडली तेव्हा मी तिथे नव्हतो, एवढं मला पुरे आहे.

१६ मार्च

मॅडमनी टेपनं मांडी मोजली. दीड सेंटिमीटरनं भरली. म्हणाल्या, "काकू, कमाल आहे." ही गालात हसली. मी म्हटलं पट्ट्याची किमया आहे, तर मॅडम टेप गुंडाळायला लागल्या.

काठीच्या टोकाचं रबर झिजलं. दोन आठवड्यांपूर्वी नवं बसवलं होतं. घरातल्या घरात एवढं झिजायचं कारण नाही. माल हलका येतो हल्ली. दुसरं आणलं.

१८ मार्च

डेपोतून येताना पाहिलं, आमच्या आणि वरच्या मजल्याच्या मधल्या भिंतीवर कुणीतरी खडूनं रेघा ओढल्यात. निळ्या, बारीक, पाच-पाचच्या जुडीत. कुठल्या तरी कार्ट्याचं काम. ओला फडका आणून भिंत स्वच्छ केली. ही दारात येऊन बघत होती.

"पुसल्यात?" म्हणाली.

"मग? भिंत आपली आहे."

संध्याकाळभर घुश्शात होती. भिंत पुसली म्हणून कुणी रागावतं का? दुखत असेल.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या, धापा टाकत होत्या. म्हटलं काय झालं, तर म्हणाल्या, "वय झालं हो, जिने झेपत नाहीत." सकाळी अकराच्या सुमाराला त्या रोज हिच्याशी गप्पा मारायला येतात. बरं आहे, हिला सोबत होते.

२० मार्च

काळजी वाटते ती लिहून टाकतो. मांडी भरतेय, पण दम नाही. संध्याकाळी मी पट्टा धरून नेतो तर आठव्या-दहाव्या पायरीला हिचे पाय गळतात. नऊ तारखेला सहा होत्या, आज दहा. या हिशेबानं चार मेला तीससुद्धा होणार नाहीत. दुपारी मी येतो तेव्हा गाढ झोपलेली असते. पूर्वी ही दुपारी कधी झोपायची नाही. शरीर थकलंय. एकोणीस वर्षं मशीनवर बसली, आता थोडं घरी बसली तर काय बिघडलं? माझीही नोकरी पुढच्या वर्षी संपेल. दोघं घरी असू.

२१ मार्च

शनिवार. डेपोतून थेट कारखान्यात गेलो. हिला सांगितलं नाही. मालकीणबाईंना म्हटलं, चार मेचं कठीण आहे, तुम्ही अडकून राहू नका.

त्यांनी कापड बाजूला ठेवलं. "ती तसं म्हणाली का?"

"ती म्हणणार नाही. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

"बरं," म्हणाल्या. "तुम्हीच म्हणताय तर बघते मी दुसरं."

येताना चोपन्न पायऱ्या उतरलो. अरुंद आणि उंच आहेत, मध्ये एका जागी दिवाही नाही. योग्य केलं. हिला सवडीनं सांगेन.

२६ मार्च

सांगायचं राहिलं. मॅडम आल्या होत्या. ही त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली, पाच मिनिटं काहीतरी बोलत होत्या. बायकांचं असेल म्हणून मी गेलो नाही.

२ एप्रिल

आज नीट लिहायचं आहे, घाईत लिहिणार नाही.

मॅडमनी वजनकाटा आणला होता, घरात असतो तसला, काट्याचा. आमच्या दारासमोरून वर जाणाऱ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवला. म्हणाल्या, "काकू, उजवा पाय काट्यावर ठेवा आणि डावा उचला. काका, तुम्ही रोज धरता तसंच धरा."

मी धरलं. काटा एकोणचाळीसवर थांबला.

"काकूंचं वजन किती?"

"एकसष्ट," ही म्हणाली.

"मग बावीस किलो कोण उचलतंय?"

मला वाटलं काटा बिघडला. तिला उतरवून मी स्वतः उभा राहिलो. सत्तर. माझं सत्तरच आहे. काटा बरोबर होता.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, स्नायूला भार पडला तरच तो वाढतो. तुम्ही एक तृतीयांशाहून जास्त भार काढून घेता. गुडघ्याला वाटतं, आपलं काम एवढंच. आता सोडा."

बोटं सुटेनात. पट्टा हिच्या कमरेला होता आणि मुठी माझ्या हातांत, आणि मी तसाच उभा. ही मागे न बघता म्हणाली, "सोडा हो." सोडलं. काटा एकसष्टवर गेला, थोडा थरथरला आणि तिथेच राहिला. हिचं एक बोट कठड्यावर होतं. मी मोजत होतो. वीस आकडे झाले तरी ही एका पायावर उभी. मग काट्यावरून पुढे गेली. एक पायरी, दुसरी, मधलं वळण आलं, वळली आणि पुढचा टप्पाही चढली. वर दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अकरा वाजता येणाऱ्या वहिनी, त्यांची धाप, झिजलेलं रबर, दुपारची झोप. महिनाभर ही रोज सकाळी जिना करत होती, त्या मागून चालत होत्या. माझ्या वाट्याला संध्याकाळी दमलेले पाय येत होते, आणि मी त्यांच्यावरून हिशेब मांडला. भिंतीवरच्या रेघा शिवणाच्या खडूच्या होत्या. एका फेरीला एक.

संध्याकाळी चहा घेताना मालकीणबाईंचं सांगितलं. सगळं सांगितलं. हिनं कप खाली ठेवला.

"किती दिवस झाले?"

"बारा."

"म्हणजे बारा दिवस माझ्या पायाला वजन बांधत होतात. आणि खाली बसून आकडे मोजत होतात. दहा झाले, शाब्बास, म्हणत होतात."

मी म्हटलं, तूही सांगितलं नाहीस मला. जिन्याचं.

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही पट्टा घेऊन आला असता. पण माझं न सांगणं आणि तुमचं न सांगणं एका मापाचं नाही."

 

३ एप्रिल

हिनं मालकीणबाईंना स्वतः फोन केला. मी करतो म्हटलं तर, "माझ्या वतीनं तुम्ही आता कुणाशी बोलू नका." फोन संपल्यावर मला सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. खिडकीजवळच्या मशीनवर नवीन बाई बसवलीय. ती आता उठणार नाही. भिंतीकडचं एक मशीन रिकामं आहे, पण त्यावरही दुसरी कुणी विचारतेय. मालकीणबाई म्हणाल्या, तुझा नवरा म्हणतो जमणार नाही, तू म्हणतेस जमेल. चार मेला एकटी वर येऊन दाखव. जिन्यात परत काही झालं तर माझ्या मनाला लागेल, म्हणून आधार देऊन आणलेली चालणार नाही.

एकोणीस वर्षांचं मशीन माझ्या एका शनिवारनं गेलं.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. मला बरं वाटत होतं. रोज दोन वाजता डेपोतून निघताना, घरी माझ्यावाचून कुणाचं तरी अडलंय, हे बरं वाटत होतं. तिनं पडावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण बरी होण्याचीही मला घाई नव्हती. पट्टा वर ओढणारा हात माझाच होता आणि बावीस किलो मला जाणवले नाहीत. तीस वर्षं हातानं वजन ओळखणारा माणूस मी.

९ एप्रिल

कामापुरतं बोलते. भाजी आणा, दिवा लावा, गोळी द्या. आता मला जिन्यात काम नाही. मॅडमनी सांगितलंय, चढताना दोन पायऱ्या मागे आणि उतरताना दोन पायऱ्या पुढे, हात पाठीमागे बांधून. पट्टा काढून टाकला. रोज पस्तीस-चाळीस पायऱ्या होतात. रेघा परत भिंतीवर आल्यात. मी त्या बाजूच्या भिंतीला हात लावत नाही.

१६ एप्रिल

उतरण्याचा धडा. मला वाटायचं उतरणं सोपं, पण गुडघ्याला तेच जड. उतरताना मांडीचा स्नायू लांबत जातो आणि लांबता लांबता भार धरून ठेवतो. गाडी उतारावर असते तेव्हा इंजिनापेक्षा ब्रेक तापतात, तसं. मॅडमनी माझंच उदाहरण माझ्यावर उलटवलं.

संध्याकाळी पहिल्या मजल्याच्या वळणावर हिचा गुडघा गळाला. मी दोन पायऱ्या खाली, तोंड तिच्याकडे, हात मागे. ती पुढे कलली, काठी सुटून माझ्या पायाशी आली. कठडा तिनं दोन्ही हातांनी पकडला, गर्रकन बाजूला वळली आणि मागच्या पायरीवर आदळून बसली. 

मग तिनं पाय सरळ केला, गुडघा चाचपला, पावलं मागे घेतली, वाकली आणि उठली. खुर्चीतून उठायला शिकली होती तशीच. मी काठी दिली.

"आज बरे वागलात," म्हणाली. दोन आठवड्यांत पहिलं चांगलं वाक्य.

मी तिला खरं सांगितलं नाही. माझे हात शहाणपणानं मागे राहिले नव्हते. भीतीनं मी जागच्या जागी गोठलो होतो. धरायचं ठरवलं असतं तरी धरता आलं नसतं. कधीतरी सांगेन. आता लपवून ठेवायचं नाही, पण आजचं एक वाक्य मला जपून ठेवायचं होतं.

२९ एप्रिल

छप्पन्न पायऱ्या, दोनदा थांबून. गुडघा सुजला नाही. मॅडमनी शेवटची मोजणी केली, डाव्या मांडीपेक्षा उजवी अजून दोन सेंटिमीटर कमी आहे. म्हणाल्या, राहिलेलं जिनाच भरून काढेल. जाताना मला म्हणाल्या, "काका, चार तारखेला तुम्ही कुठे असणार?" मी म्हटलं, खाली रस्त्यावर. "रस्त्याच्या पलीकडे," म्हणाल्या.

४ मे

रजा टाकली. कारखान्यापर्यंत रिक्षानं गेलो. ही उतरली, पदर खोचला, काठी डाव्या हातात घेतली. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

जिन्याला प्रत्येक मजल्यावर एक अरुंद झरोका आहे, रस्त्यावरून दिसतो. पहिल्या झरोक्यात ही चार मिनिटांनी दिसली. दुसऱ्यात यायला नऊ मिनिटं गेली. मध्ये ती दिवा नसलेली जागा आहे. त्या नऊ मिनिटांत मी काय केलं ते सांगता येणार नाही, पण तिथल्या चपला शिवणाऱ्यानं मला बसायला खोकं दिलं. दुसऱ्या झरोक्यात ती उभी होती, पाठ माझ्याकडे, कठड्याला टेकून. मग गेली. तिसऱ्यात दिसली नाही, कारखान्याचं दार त्याच्या अलीकडेच आहे. पुढे काही कळायला मार्ग नव्हता. मी अर्धा तास थांबलो. ती खाली आली नाही, जिन्यातून कुणाची हाकही आली नाही, तेव्हा उमगलं की मशीन मिळालंय.

घरी आलो. केर काढला. भांडी घासली, ती आधीच घासलेली होती. दोनदा डेपोत जावंसं वाटलं, पण रजा टाकलेली. इतकं रिकामं मला या घरात कधी वाटलं नव्हतं. आनंद झालाय हे खरं आणि रडू येत होतं हेही खरं.

सहा वाजता यायला हवी होती. साडेसहाला खिडकीतून दिसली, कोपऱ्यावरून येत होती, हातात पिशवी. मी खिडकीतून मागे झालो आणि खुर्चीत बसलो. खाली काठी वाजली. पहिल्या मजल्यावर आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मी खुर्चीची बैठक दोन्ही हातांनी धरून ठेवली. उठायचं नाही असं ठरवलं होतं, उठलो नाही. मग काठी पुन्हा वाजायला लागली, आणि दार ढकलून ही आत आली. घामानं निथळत होती. पिशवी टेबलावर आदळली. आत पडद्यांचं कापड, घरी हातशिलाई करायला आणलेलं.

"खिडकीत होतात ना तुम्ही? मला दिसलात. पिशवी घ्यायला तरी खाली यायचं होतं."

मी म्हटलं, "मला वाटलं, एकटीनं..."

"चढायचं एकटीनं. ओझं वाहायचं कुणी सांगितलंय एकटीनं? एवढंही कळत नाही?"

जेवण होईपर्यंत बोलणी खाल्ली. भिंतीकडच्या मशीनची मोटर कशी आवाज करते, नवीन बाई कशी तिरकी शिवण घालते, मालकीणबाईंनी वर आल्या आल्या पाणी कसं दिलं, सगळं ऐकलं, आणि मधून मधून पिशवीचं परत. इतक्या दिवसांनी ही माझ्यावर मनापासून चिडली होती.

उद्या सहाला कोपऱ्यावर जाऊन उभा राहीन. पिशवी घेईन. पुढे चालायचं की मागे, ते तिलाच विचारेन.